बाईंचं नाताळचं ताट

आमच्या सासूबाई आता रोज दुपारी चहात नानकटाई बुडवून खातात. तोंडात दात राहिले नाहीत, भाकरी चावत नाही. बाजारातल्या बेकरीतून पुडा आणायचा, डब्यात भरायचा आणि तीन वाजता चहाबरोबर दोन काढून द्यायच्या. ती बेकरी कोणाची, पीठ कोण मळतं, भट्टीपुढे कोण बसतं, हे त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. मऊ आहे, गोड आहे, झालं. पुडा संपला की मला बोल लावतात.

पुडा मीच आणते, दोन मीच काढून देते. देताना मला एक जुनं ताट आठवतं. इतकी वर्षं झाली तरी आठवतं. नाताळ जवळ आला की जास्त आठवतं. या साली वाटलं, जे कधी तोंडानं बोलले नाही ते निदान लिहून तरी काढावं.

माझं माहेर खालच्या आळीत. मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावातून धक्क्यावर आणावं लागायचं, त्या पडावावर माझे वडील होते. मुलीला शाळेत घालायचं त्यांच्या मनात नव्हतं. मिशनच्या शाळेतल्या बाई आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोर दिवसभर वाळूत शिंपल्या वेचते, त्यापेक्षा माझ्याकडे अक्षरं वेचेल." वडील हसले आणि मी शाळेत गेले.

बाई ख्रिस्ती होत्या. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. पांढरं लुगडं, पायात चपला, आणि कमरेला चाव्यांचा जुडगा. मी वर्गात तोंड उघडायची नाही. बाई प्रश्न विचारायच्या, मला उत्तर यायचं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत जायचं. इतर मुली हसायच्या. बाईंनी कधी छडी घेतली नाही. माझ्यापुढे पाटी सरकवून म्हणायच्या, "तू लिहून दाखव." चौथी पास झाले तेव्हा त्यांनी मला शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान दिलं. चौथीनंतर शाळा संपली आणि दोन वर्षांनी लग्न झालं.

सासर मिळालं ते नेमकं बाईंच्या शेजारचं. दोन्ही घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा होता आणि परसात विहिरीपाशी त्याचे चार चिरे पडलेले होते. तीच वाट. माझे यजमान आगबोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी यायचे. घरात सासूबाई, मी आणि गोठ्यात म्हैस.

सासूबाईंना बाई हव्या असायच्या, पण त्या फक्त कागदापुरत्या. आगबोट कंपनीचा इंग्रजी कागद आला की सासूबाई मला म्हणायच्या, "जा गो, बाईंकडून वाचून आण. परसातून जा, परसातून ये, आणि आल्यावर अंगावर पाणी घे." बाई कागद वाचायच्या, मराठीत सांगायच्या, मागे शिसपेन्सिलीनं अर्थ लिहून द्यायच्या. मी घरी येऊन विहिरीवर दोन कळश्या अंगावर ओतायची आणि ओल्या लुगड्यानं कागदाचा अर्थ सासूबाईंना वाचून दाखवायची. कागदाला विटाळ नव्हता. मला होता.

पुढे बाईंचं मनगट दुखायला लागलं. नाताळची बिस्किटं त्या दरवर्षी घरी करायच्या आणि आळीत पाच-सहा घरी ताटं पाठवायच्या. मळायला हात चालेना, तेव्हा त्यांनी मला विचारलं. मी सासूबाईंना सांगितलं की बाई शिवणाचा टाका शिकवणार आहेत. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं. दुसरं त्याच नाताळात बोलले. ते मोठं होतं.

बिस्किटं करायचं काम मला फार आवडलं. का, ते सांगता येत नाही. आमच्या घरी भाकरी, भात, माशाचं कालवण, सगळं घाईनं. इथे घाई चालायची नाही. तूप परातीत घ्यायचं आणि तळहातानं फेसत राहायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. मग दळलेली साखर, मग अंडं, मग मैदा मूठमूठ, वेलची, चिमूटभर सोडा. गोळा हाताला चिकटला नाही की झालं. बाईंकडे ओव्हन कुठला? पितळेचं मोठं पातेलं होतं, त्याच्या तळाशी वाळू, वाळूवर थाळी, थाळीत बिस्किटं, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. खालचा जाळ मंद, वरचा जास्त. दुसऱ्याच दिवशी मला झाकण न उघडता नुसत्या वासावरून कळायला लागलं. बाई म्हणाल्या, "माझी पंचवीस वर्षं करपवण्यात गेली, आणि तू दोन दिवसांत नाक लावून बसलीस."

मी हसले. त्यांच्या अंगणात मला हसू यायचं.

बाई म्हणायच्या, "एक तोंडात टाकून बघ की." मी म्हणायची, "आज उपास आहे." सोमवार असो की बुधवार, माझा उपास. बाई माझ्याकडे बघायच्या आणि परातीकडे वळायच्या. ज्या हातांनी मळलं त्याच हातांनी ते तोंडात घालायची मला छाती नव्हती. पुढचं सांगण्याआधी माझंही कबूल करून ठेवते.

नाताळच्या दिवशी सकाळी बाई त्यांच्या ख्रिस्ती देवळातून आल्या की स्वतः ताट घेऊन निघायच्या. पितळी ताट, काठाला वेलबुट्टी, वर त्यांनीच विणलेला पांढरा रुमाल. आमच्याकडे त्या पुढच्या बाजूनं यायच्या, पण खळ्यात थांबायच्या, पडवीची पायरी चढायच्या नाहीत. सासूबाई पडवीतून खाली उतरायच्या.

"या हो बाई. कशाला एवढा त्रास?"

"त्रास कसला वहिनी. वर्षाचा सण. गोड करून घ्या."

"घेणार की. तुमच्या हातची चव आमच्या तोंडी बसलीय."

त्या नाताळात हे मी स्वतः ऐकलं, दाराआड उभी राहून. बाई गेल्या. सासूबाईंनी लुगड्याचा पदर हातावर घेतला, पदरातून ताट धरलं, परसात गेल्या आणि ताट तिरपं करून सगळी बिस्किटं म्हशीच्या गव्हाणीत ओतली. बोट लागू दिलं नाही. मग ताट राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, उन्हात ठेवलं.

मी विहिरीपाशी उभी होते. सासूबाई म्हणाल्या, "काय बघतेस? मेली दूध पातळ देते. जाऊ दे जरा तूप पोटात."

ताट रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. संध्याकाळी त्यात दोन मुठी तांदूळ आणि एक नारळ ठेवून सासूबाईंनी ते माझ्याबरोबर पाठवलं. तांदूळ कोरडे, त्यांना काही होत नाही. रीत मोडली नाही, देव कोपला नाही, शेजार राखला. संध्याकाळी त्याच म्हशीचं दूध काढलं आणि त्याचा चहा दोघींनी प्यायला. म्हशीच्या पोटातून आलं की चालतं, हा हिशेब मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

बाईंनी नारळ उचलून घेतला आणि विचारलं, "मग? काय म्हणाल्या वहिनी?"

उत्तर येत होतं. ओठांपर्यंत आलं आणि नेहमीसारखं परत गेलं. त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं. "आवडली," मी म्हटलं.

"खरंच?"

"हो. फार आवडली."

बाईंचा चेहरा इतका फुलला की मला तिथून पळावंसं वाटलं. त्या खोट्यानं पुढे काय केलं ते बघा. दुसऱ्या वर्षी बाईंनी स्वतःहून विचार केला. म्हणाल्या, "आमच्या बिस्किटांत अंडं असतं. तुमच्याकडे मासे चालतात, पण कोंबडीचं अंडं वहिनींच्या चुलीवर चढत नाही, मला ठाऊक आहे. तरी बिचाऱ्यांनी गेल्या साली खाल्ली असतील, माझ्यासाठी. या वेळी त्यांची वेगळी करू." मग आमच्या घरची बिस्किटं वेगळ्या परातीत मळायची, वेगळ्या थाळीत भाजायची, आणि तीही सगळ्यांच्या आधी, पातेलं कोरं असताना. सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांच्यावर खूण हवी होती. मी माझं अंगुस्तान नेलं. प्रत्येक बिस्किटावर मधोमध ते दाबायचं, बारीक ठिपक्यांची गोल चकती उठायची. बाई म्हणाल्या, "हे झालं तुमच्या घराचं नाणं."

तीन नाताळ ते नाणं म्हशीच्या पोटात गेलं. माझे हात, बाईंचं तूप, बाईंची काळजी. दरवर्षी बाईंचा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. सुरुवातीला एकदाच खरं सांगितलं असतं तर बाई एक दिवस रागावल्या असत्या आणि संपलं असतं. दुसऱ्या वर्षी सांगायचं म्हणजे पहिल्या वर्षाचं खोटंही सांगायचं. तिसऱ्या वर्षी दोन वर्षांचं. माझ्यासारख्या मुक्या माणसाला हे ओझं उतरवायची जागाच राहिली नाही. पण मी गप्प राहिले म्हणून मला गरीब स्वभावाची म्हणायचे. गरीब स्वभाव कसला! भित्रेपणा होता.

पाचव्या वर्षी, म्हणजे गावोगाव मिठाची चळवळ झाली त्या साली, हरताळांपायी मैदा गावात जेमतेम मिळाला. बाईंच्या वाट्याला शेरभरही आला नाही. परातीपुढे बसून त्या म्हणाल्या, "एवढ्यात सगळ्यांचं होणार नाही. बाकीच्यांना मी समजावीन. तुमच्या घरचं तेवढं करू. वहिनी वर्षभर वाट बघत असतील."

मी तूप फेसत होते. हात थांबले. बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि पुन्हा फेसायला लागले.

बाईंनी स्वतःसाठी एकही ठेवलं नाही. चाळीस बिस्किटं झाली, चाळिसांवर मी अंगुस्तान दाबलं. सकाळी ताट पुढच्या दारी आलं, सासूबाई गोड बोलल्या, बाई गेल्या, आणि सासूबाई पदरातून ताट धरून परसात आल्या.

त्या दिवशी बाईंना काय आठवलं तर मी. ताटातली चार बिस्किटं त्यांनी आधीच काढून कागदात बांधून ठेवली होती. पोर दिवसभर भट्टीपुढे बसते आणि उपासाच्या नावाखाली उपाशी जाते, तिला गुपचूप द्यावीत, म्हणून त्या पडलेल्या चिऱ्यांवरून आमच्या परसात उतरल्या. इतक्या वर्षांत त्या वाटेनं मी जायची, त्या कधी आल्या नव्हत्या.

सासूबाईंनी ताट नुकतंच ओतलं होतं. म्हशीनं तोंड घातलं होतं. तिच्या नाकपुड्यांना चुरा लागला होता आणि गव्हाणीच्या कडेला एक बिस्कीट अख्खं पडलं होतं, वर माझ्या अंगुस्तानाची चकती.

बाईंनी गव्हाणीकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या हातावरच्या पदराकडे. मग माझ्याकडे. माझ्याकडेच सगळ्यात जास्त वेळ. त्यांना चार वर्षांचं सगळं त्या एका बघण्यात कळलं असणार, माझी चारही उत्तरं.

सासूबाई म्हणाल्या, "अगो बाई, हातून निसटलं हो ताट."

बाई म्हणाल्या, "निसटलं तर बरोब्बर गव्हाणीत निसटलं."

कागदाची पुडी त्यांनी हातातच ठेवली आणि आल्या वाटेनं परत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काढायला गेले तर गडग्याचे चार चिरे जागच्या जागी बसवलेले, आणि वर करवंदीच्या काट्यांच्या फांद्या.

ताट आमच्याकडेच राहिलं होतं. सासूबाईंनी ते तांदूळ-नारळ घालून वरकामाला येणाऱ्या मोलकरणीबरोबर पाठवलं. बाईंनी ताट ठेवून घेतलं आणि तांदूळ-नारळ तिच्याच ओटीत घातले.

वर्ष गेलं. मध्ये एकदा कंपनीचा कागद आला. लांबलचक, शिक्के मारलेला. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं, माझंही. पुरुषमाणसाचं काही बरंवाईट तर नाही? आळीत इंग्रजी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. सासूबाईंनी तोच कागद, ज्या हातांनी गव्हाण भरली त्याच हातांनी, मोलकरणीकडे देऊन बाईंकडे पाठवला. बाईंनी वाचला, मागे शिसपेन्सिलीनं अर्थ लिहिला आणि परत दिला. "दुसऱ्या बोटीवर बदली. काळजीचे कारण नाही." खाली नाव नाही, खुशाली नाही. मी ते अक्षर कितीतरी वेळ बघत बसले. त्याच अक्षरावरून मी लिहायला शिकले होते. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाल्या, "कामाची बाई आहे हो, काही म्हणा."

असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. हातातला तांब्या मी इतक्या जोरानं ठेवला की त्याला पोचा पडला. सासूबाई म्हणाल्या, "काय गो, हाताला आकडी आली का?"

पुढचा नाताळ आला. ताट येणार नाही हे मी धरून चालले होते. सासूबाईंनी पडवीत शेजारच्या तिघी-चौघी बायका बोलावल्या होत्या, वाती वळायला. सकाळची वेळ. आणि बाई आल्या. पुढच्या दारानं, खळ्यात, हातात तेच ताट, वर तोच पांढरा रुमाल.

सासूबाईंना आधी काही सुचेना, मग आनंद झाला. शेजारणींपुढे शेजार शाबूत राहिला. त्या खाली उतरल्या, ताट घेतलं आणि बायकांना म्हणाल्या, "बघा, एक वर्ष चुकवायच्या नाहीत. आमचा लोभच तसा." आणि दाखवायला म्हणून रुमाल उचलला.

ताटात गोल गोल वड्या मांडलेल्या होत्या. रंग तपकिरी. एका शेजारणीनं वाकून वास घेतला आणि म्हणाली, "वहिनी, ही पेंड आहे हो. खोबऱ्याची."

खरंच पेंड होती. घाण्यावरून आणलेली, भिजवून, थापून, एकसारख्या वड्या केलेल्या, आणि प्रत्येकीवर मधोमध अंगुस्तानाची चकती. बाईंचं स्वतःचं अंगुस्तान होतं, माझ्यापेक्षा मोठं.

बाई खळ्यातूनच बोलल्या. आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "वहिनी, आमचा नाताळ तुमच्याकडे कोण खातं ते गेल्या साली बघितलं. तिला तुपातलं दर साली सोसायचं नाही. म्हणून या वेळी तिच्या पोटाला मानवेल असं केलं. अंडं नाही, निर्धास्त घाला."

मग एकीच्या पदराआडून हसू फुटलं आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. बाई वळल्या आणि गेल्या. चपलांचा आवाज आळीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

शेजारणी वाती अर्ध्यावर टाकून उठल्या. त्या गेल्यावर सासूबाई कडाडल्या. तिच्या जातीचं, तिच्या देवाचं, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं, काही सोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तिच्या हातचं मी म्हशीला घातलं तेच जास्त झालं. समुद्रात टाकायला हवं होतं."

मी चुलीपाशी बसले होते. कसं कोण जाणे, या वेळी ओठांशी आलेलं परत गेलं नाही. मी म्हटलं, "तिच्या हातचं नव्हतं, आत्याबाई. माझ्या हातचं होतं."

"काय?"

"पाचही वर्षं. मळायची मी, भाजायची मी. त्यांचं मनगट चालत नाही. तुम्ही म्हशीला घातलंत ते तुमच्या सुनेच्या हातचं."

सासूबाई पाटावर बसल्या. म्हणाल्या, "मग आधी का नाही सांगितलंस?"

तोच प्रश्न बाई विचारू शकत होत्या, आणि त्यांचा हक्क जास्त होता.

ताट घरात होतं, आणि ताट रिकामं परत द्यायचं नाही. या वेळी त्यात तांदूळ-नारळ घालू देणार नाही, हे मी ठरवलं. गहू दळले, वस्त्रगाळ केले. तूप घरचं, त्याच म्हशीचं. साखर जात्यावर बारीक केली. परसात तीन चिरे मांडले, पातेल्यात वाळू घातली. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या चुलीला लावू नकोस म्हणजे झालं." मी म्हटलं, "नाही लावत." गव्हाच्या पिठाची म्हणून रंग काळसर आला. पहिली थाळी करपली. दुसरी बरी निघाली. तिच्यावर मी अंगुस्तान दाबलं.

गडग्यातली वाट बंद होती. म्हणजे आता बाईंकडे जायचं तर पुढच्या दारानं, आळीतून. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पुढच्या दारी गेले नव्हते. अंतर किती, तर वीस पावलं. दुपारची वेळ, पायऱ्यांवर बायका मासे निवडत बसलेल्या. कालची हकीगत प्रत्येकीला पाठ झालेली. मी ताट घेऊन बाहेर पडले तशा सगळ्यांच्या विळ्या थांबल्या. एक म्हणाली, "काय गो, आता म्हशीचा आहेर परत चाललाय वाटतं?" मान खाली घालून मी पावलं मोजली आणि बाईंच्या पायरीवर चढले.

बाईंनी दार उघडलं. आत ये म्हणाल्या नाहीत. ताटाकडे पाहिलं, चकत्या पाहिल्या. "वहिनींनी पाठवलीत?"

"नाही. मी आणलीत."

"कुठे केलीस?"

"आमच्या परसात."

"आणि तू खाल्लीस?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"आज कुठला उपास?" बाईंनी विचारलं. मग ताटातलं एक उचललं आणि माझ्या हातात ठेवलं. "खा. इथेच उभी राहून खा."

मी खाल्लं. सगळी आळी बघत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी संपवलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की मी करते त्याची चव कशी असते. साखर थोडी कमी होती.

"खालून जरा करपलीत," बाई म्हणाल्या. मग आत गेल्या, बिस्किटं स्वतःच्या डब्यात काढून घेतली आणि ताट घेऊन परत आल्या. पुसलेलं आणि रिकामं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"बाई, ताट तुमचं आहे."

"आता तुझ्याकडे राहू दे. मला तुमच्या घरी परत पाठवायचं नाही."

"माझं चुकलं बाई."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "मी पाटी सरकवत होते तोपर्यंत ठीक होतं. नंतर तोंड वापरायला हवं होतंस." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

त्याच उन्हाळ्यात बाईंची घाटावरच्या शाळेत बदली झाली. त्या गेल्या ते मला मोलकरणीकडून कळलं. त्यांच्या घरात आता कचेरीतले एक कारकून राहतात. चिऱ्यांवरच्या काटेरी फांद्या त्यांच्या गड्यानं सरपणाला नेल्या.

त्यानंतर गाव बघता बघता बदललं. सहभोजनं झाली, व्याख्यानं झाली. चहाची दुकानं निघाली, बेकऱ्या निघाल्या. ज्या बायका त्या दिवशी पायरीवर बसून माझं तोंड बघत होत्या त्यांची नातवंडं पाव खाऊन शाळेत जातात. त्या मला सांगतात, "आपण बाई पहिल्यापासून कधी शिवाशीव मानली नाही." मी ऐकून घेते. कोणी माफी मागितली नाही, कोणाला मागावीशी वाटली नाही, कारण कोणाला काही आठवतच नाही. रीत मोडायची होती तर दहा वर्षं आधी का नाही मोडली? ती मोडायला बाईंची चाळीस बिस्किटं पुरली नाहीत आणि बेकरीचा पुडा पुरला.

या साली नाताळच्या आदल्या दिवशी मी मैदा आणला. परसात पातेलं मांडलं, तूप फेसलं, अंगुस्तान दाबलं. एक आधी मी खाल्लं. तीन वाजता सासूबाईंपुढे चहा ठेवला आणि डब्यातली न देता त्या वेलबुट्टीच्या ताटात घालून दिली. त्यांनी बुडवून खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसऱ्याला हात घातला.

"बेकरीतली नव्हेत ही," त्या म्हणाल्या. "कुठली गो?"

"बाईंची."

"कुठल्या बाईंची?"

त्यांचं नाटक नव्हतं. त्यांना खरोखर आठवत नव्हतं. हनुवटीला चुरा लागला होता, म्हशीच्या नाकपुड्यांना लागला होता तसा.

मी ताट बाजूला घेतलं, त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्या नाताळापासून सांगायला सुरुवात केली. मध्येच त्यांनी डोळे मिटले. मी थांबले नाही.